पायरवाडीची पूर्व

पोलादपूर मागे टाकून कशेडीच्या पायथ्याकडे निघालं की हायवेच्या खालच्या अंगाला पायरवाडी आहे. गाडीत बसलेल्या माणसाला ती दिसायची नाही. डोंगराच्या ओटीत अशी काही दडून बसलीय की सूर्याला सुद्धा ती सापडायला वेळ लागतो. दुसऱ्या गावांत माणसं उन्हात बसून दात घासतात. पायरवाडीत न्याहारी होते, भांडी घासून पालथी पडतात, तेव्हा कुठे समोरच्या डोंगराच्या खिंडीतून ऊन डोकावतं. मावळतीचं तर बोलायलाच नको. पाठचा डोंगर इतका अंगावर आलेला, की दुपारचा चहा उकळेस्तोवर ऊन गाशा गुंडाळतं. सूर्य बुडताना कसा दिसतो, हे बघायचं तर पायरवाडीच्या माणसाला पाहुणा म्हणून दुसऱ्या गावी जावं लागतं.

बनुबाई या वाडीत सून म्हणून आली ती पावसाळ्याआधी. सासूनं पहिल्या सकाळी सांगितलं, "खिंडीकडं तोंड करून तुळशीला पाणी घाल, ती पूर्व." बनुबाईनं घातलं. सासूनं तिच्या सासूचं ऐकलं होतं, तिनं तिच्या. सूर्य जिथून येतो ती पूर्व, यात विचारण्यासारखं काय होतं?

नवरा सदू महाडच्या कारखान्यांपैकी एकात रखवालदार. माणूस गरीब स्वभावाचा, बोलणं इतकं कमी की कारखान्याच्या फाटकालाही त्याचा आवाज ओळखीचा नसेल. बोलायचं काम घरात बनुबाईकडे. ती दुसऱ्यांच्या जमिनी अर्धेलीनं करायची, भात निघालं की वाफे काढून वाल, मुळा, माठ, वांगी लावायची आणि पाटी घेऊन बिरवाडीला जायची. तिथं खोल्या घेऊन राहिलेले कामगार कुठल्या कुठल्या मुलखातले. त्यांच्याशी ती आपल्या हिंदीत बोले. "मिरची तिखा हाय, मागून रडनेका नाय." ते हसायचे आणि तिच्याच पाटीवर यायचे. भाजी ताजी असायची हे खरं, पण बिचाऱ्यांना घरच्यासारखं रागवणारं कुणीतरी हवं असायचं, हेही खरं.

तिच्या मनात एकच होतं. आपल्या नावाची थोडी जमीन. मोठी नको, पण जिच्या बांधावर बसून कुणी "ऊठ" म्हणणार नाही अशी.

ती मिळाली हैदरभाईंमुळे. हैदरभाई महाडचे, लाकडाच्या वखारीवाले. पायरवाडीत त्यांची आजोबांपासूनची जमीन होती आणि त्यातला ओहोळाकडचा भाग बरीच वर्षं बनुबाईच कसत होती. पोरगा शहबाज आखातात जायला निघाला तेव्हा, म्हणजे पंचाण्णव सालच्या हिवाळ्यात, हैदरभाईंनी तिला बोलावलं.

"बनूबाय, अर्धी जमीन काढतोय. तू कसतेस तीच अर्धी. दुसऱ्याला देऊ का?"

"देऊन तर बघा!" बनुबाई म्हणाली, आणि मग आपण कुणाशी बोलतोय हे ध्यानात येऊन तिनं पदर सावरला. हैदरभाई पोटभर हसले.

रिवाजाप्रमाणे हद्द फिरून झाली. हैदरभाई पुढे, त्यांची बायको हफिजाभाभी छत्री धरून, मागे सदू आणि बनुबाई, आणि लगतचा जमीनवाला म्हणून येसाजी. येसाजी नात्यानं बनुबाईचा भावजी लागायचा आणि स्वभावानं वाडीचा न्यायाधीश. कोपऱ्याकोपऱ्यावर दगड बसले, गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी पोलादपूरला कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये दस्तलेखक टाइपरायटर घेऊन बसला होता, त्याच्यासमोर सगळे जाऊन उभे राहिले. त्यानं गट नंबर घातला आणि वर न बघताच विचारलं, "चतुःसीमा सांगा. पूर्वेस काय?"

"ओहोळ!" सगळे एका सुरात.

"दक्षिणेस?"

"माझा बांध," येसाजी म्हणाला, छाती काढून.

"पश्चिमेस?"

"माझीच राहिलेली अर्धी," हैदरभाई.

"उत्तरेस?"

"गुरचरण. कातळ हाय सगळा."

खड खड खड करून यंत्रानं ते उतरवलं. 'सदर जमिनीपैकी पूर्वेकडील अर्धा भाग.' बनुबाईनं शिकून घेतलेली सही केली. 'बनुबाई' लिहिताना 'ब' एवढा मोठा झाला की बाकीच्या अक्षरांना चेपून बसावं लागलं. चारी दिशा बांधून झाल्या. आता जमीन कुठं पळून जाते?

तिनं खालच्या कोपऱ्यात विहीर खणली. सदूनं सुट्ट्या घालवल्या, बनुबाईनं घमेली वाहिली, आणि येसाजीनं वर उभं राहून "इथं पाणी लागायचं नाय" असं रोज सांगितलं. पाणी लागलं. येसाजी म्हणाला, "मी काय बोललो होतो?" आणि पहिली बादली त्यानंच काढली. मग काय विचारता. ऐन चैत्रात पायरवाडीत हिरवं दिसायचं ते तेवढ्याच तुकड्यात. बिरवाडीच्या पाटीवर काकडी आली, पडवळ आलं. बनुबाई बांधावर बसून भाकरी खायची तेव्हा उगाच इकडं तिकडं बघून घ्यायची. ऊठ म्हणणारं कुणी नाही ना?

हैदरभाई गेले ते दोन हजार तीनला. बनुबाई आणि सदू महाडला जाऊन भेटून आले. त्याच्या पुढच्या वर्षी शहबाज आखात सोडून कायमचा परतला. तिकडं त्यानं मोठमोठ्या गाड्या दुरुस्त करण्याचं काम केलं होतं. इथं आपलं काहीतरी उभं करायचं, त्यासाठी पायरवाडीची राहिलेली अर्धी विकून टाकायची, असं त्याच्या मनानं घेतलं. गिऱ्हाईक आणून देतो म्हणून हर्षद नावाचा दलाल मागे लागला. हर्षदच्या अंगात कडक इस्त्रीचा सदरा, आणि प्रत्येक जमिनीकडे तो अशा नजरेनं बघे की जणू ती त्याच्याकडेच उपवर मुलगी म्हणून सांगून आलीय. गिऱ्हाइकाला मोजून, हद्द कायम करून हवी होती. शहबाजनं मोजणीचा अर्ज दिला. लगतचे म्हणून बनुबाईला आणि येसाजीला नोटिसा आल्या.

मोजणीवाले साहेब पौषातल्या एका सकाळी आले. वयानं कोवळे, चेहरा दमलेला. तीन पायांवर त्यांनी फळी मांडली, वर कागद चिकटवला, झेंडे रोवून घेतले आणि डबीतून होकायंत्र काढलं. वाडीतली रिकामी माणसं जमलीच. साहेबांनी बनुबाईचा दस्त मागून घेतला, वाचला, नकाशाकडे बघितलं, पुन्हा दस्त वाचला.

"काकी, तुमची पूर्वेकडची अर्धी ना?"

"होय तर."

"मग तुम्ही इकडं दक्षिणेकडं काय करताय?"

बनुबाईला वाटलं साहेब थट्टा करतायत. "इकडं म्हंजे? ही पूर्वच हाय. ओहोळ बघा की."

"ओहोळ दक्षिणेला आहे."

येसाजी पुढं झाला. "साहेब, नवे दिसता. ती खिंड बघा. सूर्य येतो तिथनं. आता सूर्य काय नोकरीला लागलाय, बदली व्हायला?"

माणसं हसली. साहेबही हसले, पण होकायंत्र त्यांनी येसाजीच्या तळहातावर ठेवलं. "बघा आजोबा. सुईचं लाल टोक उत्तरेला. आता तुमची पूर्व दाखवा."

येसाजीनं खिंडीकडं बोट केलं. सुई त्याच्या बोटाला अजिबात मान देईना. त्यानं यंत्र हलवलं, उलटं केलं, कानाशी नेलं.

साहेबांनी समजावून सांगितलं. सूर्य उगवतो तो समोरच्या डोंगराच्या पाठीमागे, तुम्हाला न दिसता. मग तो वर चढत चढत उजवीकडं सरकत येतो, आणि खिंडीपाशी पोचतो तेव्हा तुम्हाला पहिला दिसतो. तोवर चांगला दक्षिणेकडं कललेला असतो. त्यातून हे शेत कागदावर पतंगासारखं, कोपऱ्यावर उभं. पतंगाची उजवी वरची बाजू पूर्व धरली तर ती गुरचरणाकडची, कातळाची. तुम्ही उजवी खालची धरलीत, ओहोळाची. "म्हणजे असं बघा," साहेबांनी डोकं खाजवलं, "चौकोनी वडी आहे. तुम्ही ती आडवी कापून घेतलीत. दस्त नकाशाला लावला तर ती उभी कापली जाते."

बनुबाईला बाकी काही नाही, पण वडी कळली. वडी उभी कापली तर विहिरीचा कोपरा शहबाजच्या तुकड्यात जात होता. तिच्या वाट्याला विहिरीवाचून थोडे वाफे आणि वरचा अख्खा कातळ.

हर्षदला तर ती साहेबांच्याही आधी कळली होती. "म्हणजे पाणी आपल्याकडं, शहबाजभाई!" तो म्हणाला. मग बनुबाईकडे वळून, "काकी, कातळावर वालपापडी लावा. गोमूत्र घातलं की येते म्हणतात."

"तुझ्या डोक्यावर लावते आधी," बनुबाई म्हणाली. "तिथं आली तर कातळावर येईलच." माणसं हसली, ती मात्र विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिली.

शहबाज अर्जदार म्हणून हजर होताच. तो नुसता विहिरीकडे बघत राहिला.

साहेबांनी फळी मिटली. "हे मी ठरवू शकत नाही. दस्तात पूर्वेकडील अर्धा म्हटलंय, पूर्वेस ओहोळ म्हटलंय, आणि ओहोळ पूर्वेला नाही. दस्त स्वतःशीच भांडतोय. विकणाऱ्याचे वारस आणि तुम्ही मिळून चूक दुरुस्तीचा दस्त करा, लगतच्यांचा जबाब द्या, मी येऊन हद्द कायम करतो. नाहीतर कोर्ट आहेच."

कोर्ट आहेच, हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं, जसं काही पलीकडच्या गल्लीत किराणा आहे.

सदूला घरी आल्यावर सगळं कळलं. त्यानं डब्याची पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "भाभीला भेट." महिन्याभराचं बोलणं त्यानं त्यात संपवलं.

बनुबाई दुसऱ्या दिवशी महाडला गेली. पाटी नव्हती, तरी डोक्यावर हात जात होता. चवदार तळ्याला वळसा घालून ती हफिजाभाभीच्या गल्लीत शिरली. भाभी ओटीवर तांदूळ निवडत होती.

"ये गो बनू. तोंड का असं? सदू बरा हाय ना?"

"सदू बरा हाय. माझीच दिशा गेलीय भाभी," बनुबाई म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना तिनं हट्टानं डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. मागायला आलेल्या माणसानं रडू नये, असं तिचं मत होतं. समोरच्याला मग नाही म्हणायची सोय राहत नाही.

शहबाज आतून बाहेर आला. त्यानं ऐकलं होतं. "मावशी, तुमच्याबद्दल माझं काय वाईट नाही," तो म्हणाला, "पण एक सांगतो. अब्बा दिशेत चुकणारे माणूस नव्हते. पाच वेळचे नमाजी. कुठंही गेले तरी किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, बरोबर धरायचे, मशिदीच्या रोखानं. ज्याला किब्ला कळतो त्याला पश्चिम कळते, आणि पश्चिम कळते त्याला पूर्व कळत नसेल? त्यांनी पूर्वेकडची दिली म्हणून लिहिलं, म्हणजे खरी पूर्व असेल त्यांच्या मनात."

मुलगा बापाची बाजू घेऊन बोलत होता, आणि बापाबद्दल तिचंही तेच मत होतं. हैदरभाई चुकत नसत. मग ती विहीर नऊ वर्षं तिनं कुणाच्या जमिनीत वापरली?

"पण शहबाज," ती चाचरत म्हणाली, "हद्द फिरलो तेव्हा त्यांनीच पुढं चालून दगड बसवले रे."

"दगड कुणीही हलवतं मावशी. हर्षद बोलतो..."

"हर्षदला अब्बानं दगड दाखवले होते काय?" हफिजाभाभीनं सूप खाली ठेवलं. "तुला नाय माहीत आणि त्याला नाय माहीत. मला जेवढं आठवतं तेवढं जागेवर उभं राहून आठवेल. शुक्रवार झाला की जाऊ. बनू, भात कर. कोंबडीबिंबडी नको, तुझी वांगी हवीत."

शुक्रवारनंतर मायलेक आले. बनुबाईनं येसाजीलाही बोलावून ठेवलं होतं, कारण जबाब त्याचा लागणार होता. येसाजी बांधावर एक पाय दुसऱ्यावर टाकून बसला होता आणि कालपासून एकच घोकत होता.

"मी सही करणार नाय. पूर्व चुकली असं लिहून देऊ? माझ्या बापानं त्या खिंडीकडं तोंड करून अर्घ्य दिलं. ते काय वाया गेलं?"

"भावजी, माझी विहीर जाते हो!"

"जाऊ दे म्हणतोय का मी? पण दुसरं काय तरी लिव्हा. पूर्व ठेवा, बाकी काय ते दुरुस्त करा."

हफिजाभाभी त्या वादाकडं कान न देता शेतात फिरत होती. इथं फणस होता, इथं बसून डबा खाल्ला, असं स्वतःशीच बोलत होती. पण दगड कुठं बसवले ते काही तिला खात्रीनं सांगता येईना. छत्रीनं नजर झाकली होती, ती म्हणाली, आणि कपाळाला हात लावला.

तेवढ्यात दुपारच्या नमाजाची वेळ झाली. शहबाजनं विहिरीवर हातपाय धुतले, मळ्याच्या कडेला चटई टाकली. आखातातून आणलेलं त्याचं लहानसं किब्ला यंत्र त्यानं खिशातून काढलं, चटई थोडी फिरवली आणि उभा राहिला. त्याचं तोंड पाठच्या डोंगराकडं सरळ नव्हतं, शेताच्या एका कोपऱ्याकडं होतं.

येसाजी बघत होता. नमाज होईस्तोवर तो गप्प राहिला, एवढी रीत त्याला होती. शहबाजनं चटई उचलली तसा तो म्हणाला, "बापावर गेलास. हैदर पण असाच तिरका उभा राहायचा."

शहबाज थांबला. "तिरका म्हणजे?"

"असाच. कोपऱ्याकडं. आम्ही जवान होतो तवा. भात झोडायला आलो की तो चटई टाकायचा, आणि आम्ही चिडवायचो त्याला. हैदर, तुझी पश्चिम वाकडी रे, डोंगर तिकडं! रोज चिडवायचो. एक दिवस तो बोलला..." येसाजी आठवायला थांबला, आणि आठवता आठवता त्याचा चेहराच बदलला. "तो बोलला, येसा, नमाजाला उभा असतो तवा मी मक्केकडनं मोजतो. बांधावर उभा असतो तवा तुमच्या खिंडीकडनं मोजतो. तुमच्यात तुमची पूर्व चालते, ती मोडून मी तुमच्याशी व्यवहार कसा करू?"

ओहोळावर गुरं पाणी प्यायला उतरली होती, तेवढाच आवाज.

"बोलला होता? खरंच?" शहबाजनं विचारलं.

"अरे, आम्ही हसण्यावारी नेलं! म्हटलं, याचं डोकं फिरलंय, दोन दोन पश्चिमा बाळगतो." येसाजीनं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. "म्हंजे तो सरळ उभा होता रे. आमचाच डोंगर वाकडा."

हफिजाभाभीनं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलंस? तू बोललास ते खरं. अब्बांना दिशा कळत होती. दोन्ही कळत होत्या. दस्तलेखकानं विचारलं तेव्हा सगळ्यांबरोबर 'ओहोळ' असं तेही बोलले, मी होते तिथं. ते चुकून बोलले नाहीत. बनूला तिच्या समजुतीची जमीन दिली त्यांनी."

शहबाजनं हातातल्या यंत्राकडे बघितलं, मग ओहोळाकडे, मग बनुबाईकडे. तो मनाचा वाईट नव्हता. त्याला बापाचं ऐकायचं होतं, आणि बापाचा शब्द आजवर त्याला फक्त टाइप केलेला मिळाला होता. आता तो येसाजीच्या तोंडून मिळाला, थट्टेसकट.

"मावशी," तो म्हणाला, "वांगी झाली का? जेवून पोलादपूरला जाऊ. कचेरी बंद व्हायच्या आत कागद तरी विचारून येऊ."

बनुबाईला तेव्हा मात्र रडू आलं. आता ती मागणारी नव्हती, त्यामुळे हरकत नव्हती.

हर्षदला कळलं तेव्हा त्यानं शहबाजला बरंच ऐकवलं. पाण्यावाचून गिऱ्हाईक येणार नाही, माणसं आखातात जाऊन शहाणी होतात, तू उलटा आलास, वगैरे. मग तो दुसऱ्या गावी दुसरी जमीन बघायला गेला. जमिनी बऱ्याच आहेत आणि त्याच्या सदऱ्याची इस्त्री मोडली नव्हती.

दुरुस्तीचा दस्त करायला सगळे पुन्हा त्याच पत्र्याच्या शेडखाली उभे राहिले. जुना दस्तलेखक राहिला नव्हता, त्याच्या जागी चष्मेवाली अनुपमा नावाची मुलगी संगणक घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "पूर्वेस काय लिहू?" आणि सगळे एकदम गप्प झाले. दुधानं तोंड पोळलेली माणसं ती. शेवटी मोजणीच्या नकाशाची प्रत पुढं ठेवली, आणि तिनंच सुचवलं की आधी खूण लिहू, मग दिशा. 'ओहोळालगतचा अर्धा भाग, विहिरीसह. नकाशाप्रमाणे पूर्वेस गुरचरण, दक्षिणेस ओहोळ, पश्चिमेस येसाजी यांचा बांध, उत्तरेस मयत हैदर यांच्या वारसांची राहिलेली जमीन.'

"माझा बांध पश्चिमेला गेला?" येसाजी दचकला.

"कागदावर, आजोबा. बांध आहे तिथंच आहे."

"मग माझ्या जबाबात अजून एक ओळ घाला. अर्घ्य कुठं द्यायचं ते आमचं आम्ही बघू."

"ते नाही घालता येत."

"मग तोंडी ऐकून घे," येसाजी म्हणाला, आणि सही केली.

हफिजाभाभीनं उर्दूत सही केली, शहबाजनं इंग्रजीत, बनुबाईनं आपल्या मोठ्या 'ब'नं मराठीत. कचेरीतल्या नोंदणीच्या साहेबांनी बनुबाईला विचारलं, "मजकूर वाचून दाखवला ना? समजला ना?"

"समजला साहेब," ती म्हणाली. "जमीन तीच हाय. आम्हीच फिरलो."

मोजणीवाले साहेब पुन्हा आले आणि हद्द कायम झाली. नवे दगड बसवायला पहार येसाजीनं आणली, आणि "इथं दगड बसायचा नाय" असं म्हणत म्हणत चारही बसवले. साहेबांना बनुबाईनं वालाचं बिरडं घातलं. बिचारे पुन्हा वाढा म्हणाले, तेव्हा कळलं की माणूस कामाला कोवळा पण जेवायला पक्का.

शहबाजची अर्धी मात्र विकली गेली नाही. नकाशा हातात आल्यावर तो एकदा आपल्या तुकड्यात उभा राहून हायवेकडे बघत राहिला. तुकड्याची वरची कड थेट हायवेला लागत होती, आणि घाट चढायच्या आधी ट्रकवाले तिथं थांबत. कुणाचा टायर, कुणाचा ब्रेक, कुणाचं इंजिन तापलेलं. पावसाळ्यात कशेडीला दरड आली की रांगच लागे. आणि त्याची जमीन म्हणजे कातळ. दहा चाकांचा ट्रक उभा केला तरी चिखल व्हायचा नाही. त्यानं चार खांबांवर पत्रा टाकला, आखातातून आणलेली हत्यारं मांडली. आता फक्त पाण्याचा प्रश्न होता.

तो ओशाळत बनुबाईच्या बांधावर आला. "मावशी, रेडिएटरला लागेल अधूनमधून. पायपानं घेतलं तर..."

"घे की."

"तसं नको. कागद करू. किती घ्यायचं, कुठून घ्यायचं."

"आणि ऑइल माझ्या ओहोळात येता कामा नये," बनुबाई म्हणाली, "आणि ड्रायव्हर लोकांनी काकडी तोडायची नाय, मागायची. आणि भाभी महिन्यातनं एकदा जेवायला इथं."

"तेच म्हणतो, सगळं लिहून घेऊ."

"नको रे बाबा," ती म्हणाली. "लिव्हलं की उत्तर दक्षिण आली. तू आपला पाइप टाक."

शहबाज हसत पाइप आणायला वर गेला, आणि बनुबाईनं विहिरीच्या काठावरची बादली उचलून त्याच्यासाठी जागा केली.